विजेचा हिशेब : फ्यूज कां उडाला नाहीं ?

गीझरचा प्लग काढावयास जावें आणि तो हातास चटका बसण्याइतका तापलेला आढळावा. सॉकेटाच्या एका भोकाभोंवतीं पांढरें प्लॅस्टिक तपकिरी झालेलें दिसावें व किंचित् करपट वास यावा, हा प्रकार पुष्कळ घरांत घडतो. अशा वेळीं घरांतील वडील मंडळी दोन प्रश्न विचारतात. पहिला असा कीं, गीझर तर नीट चालत होता, मग प्लग कां तापला ? आणि दुसरा असा कीं, प्लॅस्टिक करपेपर्यंत फ्यूज कां उडाला नाहीं, अथवा हल्लींच्या घरांतला एमसीबी कां पडला नाहीं ? दोन्ही प्रश्न अगदीं रास्त आहेत, आणि दोहोंचीं उत्तरें शालेय पुस्तकांतील दोन लहानशा सूत्रांत आहेत. हीं सूत्रें आमच्या विद्यार्थ्यांस मुखोद्गत असतात व परीक्षेंत त्यांवर गुणहि मिळतात. पण तींच सूत्रें घरांतल्या सॉकेटास लावून पाहावीं हें फारसें कोणाच्या मनांत येत नाहीं. तें यावें, आणि पालकांसहि या हिशेबांत भाग घेतां यावा, एवढ्याकरितां हा पाठ आम्ही येथें देत आहों.

प्रथम चार शब्द नीट समजून घेऊं. तारेंतून वीज वाहते त्या वाहण्यास प्रवाह म्हणतात. तो अँपियरांत मोजतात. प्रवाह वाहविण्यास जो रेटा लागतो तो दाब. त्याचें एकक व्होल्ट. वाहण्यास जो अडथळा होतो तो रोध. त्याचें एकक ओहम. आणि दर सेकंदास जेवढी विजेची ऊर्जा उष्णतेंत, प्रकाशांत किंवा गतींत बदलते ती शक्ति. तिचें एकक वॅट. या ठिकाणीं उंचावरील टाकी व तिचा नळ यांची उपमा देण्याचा प्रघात आहे : टाकी जितकी उंच तितका दाब अधिक, नळ जितका अरुंद तितका रोध अधिक. उपमा चांगली आहे, पण ती फार ताणूं नये. नळ फुटला तर पाणी भळभळा वाहतें. तार तुटली तर वीज वाहावयाची थांबते.

आतां दोन नियम. दाबास प्रवाहानें भागिलें असतां रोध मिळतो. दाबास प्रवाहानें गुणिलें असतां शक्ति मिळते. एक भागाकार आणि एक गुणाकार. याहून अधिक पाठ करण्यासारखें येथें कांहीं नाहीं. दाब व प्रवाह हे दोन आंकडे हातीं आले कीं उरलेले दोन आपोआप येतात. पुस्तकांत आणखी जीं रूपें दिलेलीं असतात तीं या दोहोंच्या संयोगानेंच होतात. दाबाच्या जागीं "प्रवाह गुणिलें रोध" असें लिहिलें म्हणजे शक्ति ही प्रवाहाचा वर्ग गुणिलें रोध इतकी होते. उलट, प्रवाहाच्या जागीं "दाब भागिलें रोध" लिहिलें म्हणजे तीच शक्ति दाबाचा वर्ग भागिलें रोध इतकी होते. हीं दोन रूपें वाचकांनीं लक्षांत ठेवावीं. पुढें त्यांचें एक भांडण आम्हांस मिटवावयाचें आहे.

पहिल्या नियमास ओहमचा नियम म्हणतात. गेऑर्ग सिमॉन ओहम हा शाळेंत गणित व पदार्थविज्ञान शिकविणारा एक शिक्षक होता. त्याचा जन्म १७८९ सालीं जर्मनींतील एर्लांगेन गांवीं झाला. बाप कुलपें करणारा कारागीर. पण त्यानें स्वतः अभ्यास करून मुलांना गणित शिकविलें. १८१७ सालापासून ओहम कोलोन शहरीं, पूर्वीं जेसुइट धर्मगुरूंनीं चालविलेल्या एका विद्यालयांत शिकवीत असे, आणि तेथील उपकरणांवर फावल्या वेळीं प्रयोग करी. त्याची मोठी अडचण अशी होती कीं, त्या काळच्या विद्युत्घटांचा दाब टिकत नसे. तार जोडली कीं दाब उतरूं लागे. मग प्रवाह कमी झाला तो तारेमुळें कीं घटामुळें, हें कसें ठरवावें? अखेर त्यानें घट सोडून दिले आणि बिस्मथ व तांबें या दोन धातूंचा जोड घेतला. या जोडाचा एक सांधा उकळत्या पाण्यांत व दुसरा बर्फांत ठेविला म्हणजे त्यांत अल्पसा विजेचा दाब उत्पन्न होतो; आणि उकळत्या पाण्याचें व बर्फाचें उष्णमान ठाम असल्यामुळें तो दाबहि ठाम राहतो. दाब असा एके ठिकाणीं बांधून ठेवल्यावर त्यानें निरनिराळ्या लांबींच्या तारा जोडून पाहिल्या, आणि नियम त्याच्या हातीं आला. १८२७ सालीं त्यानें आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच्या देशांत त्याचें चीज लवकर झालें नाहीं. पण १८४१ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीनें त्यास कॉप्ली पदक दिलें. १८५४ सालीं तो वारला, त्यापूर्वीं दोनच वर्षें म्युनिचच्या विश्वविद्यालयांत त्यास प्राध्यापकाची पूर्ण जागा मिळाली होती.

ही हकीकत आम्हीं केवळ चरित्र म्हणून दिली नाहीं. ओहमचें खरें चातुर्य आधीं एक गोष्ट स्थिर करून मग दुसरी बदलून पाहण्यांत होतें. विजेचा कोणताहि हिशेब करतांना "येथें स्थिर काय आहे ?" हा प्रश्न प्रथम विचारावा लागतो. तो न विचारल्यामुळें काय घोंटाळा होतो तें आतां पाहूं.

घरांतील गीझरवर एक लहानशी पट्टी असते. तिच्यावर, समजा, २३० व्होल्ट व २००० वॅट असें छापलें आहे. आपल्या देशांत घरांस मिळणारा दाब २३० व्होल्ट ठरलेला आहे. तेव्हां २००० ला २३० नें भागिलें असतां प्रवाह ८.७० अँपियर येतो. आणि २३० ला ८.७० नें भागिलें असतां रोध सुमारें २६.४५ ओहम येतो. याच रीतीनें १००० वॅटच्या इस्त्रीचा प्रवाह ४.३५ अँपियर व रोध ५२.९ ओहम आहे. आणि पूर्वीं घरोघर असलेल्या १०० वॅटच्या तारेच्या बल्बचा प्रवाह ०.४३ अँपियर व रोध ५२९ ओहम. सॉकेटांवरहि आंकडे असतात, तेहि वाचावे. लहान सॉकेट ६ अँपियरांचें असतें, म्हणजे त्यास ६ गुणिलें २३०, अर्थात् १३८० वॅटपर्यंतचा भार सोसतो. मोठें १६ अँपियरांचें, म्हणजे ३६८० वॅटपर्यंत. आमचा ८.७० अँपियरांचा गीझर लहान सॉकेटांत घालूं नये हें यावरून कोणासहि कळेल; मधें एक बदलाचा प्लग लावून तो घालतां येतो खरा, पण त्यामुळें आंकडे बदलत नाहींत.

गांवाकडे संध्याकाळीं विजेचा दाब उतरतो व गीझर मंदावतो, याची पुष्कळांची तक्रार असते. तिचाहि हिशेब करूं. गीझरांतील तार निक्रोम या मिश्रधातूची असते व तिचा रोध तापल्यावरहि फारसा बदलत नाहीं. म्हणून दाब २३० वरून १८० व्होल्टांवर आला तर शक्ति दाबाच्या वर्गाच्या प्रमाणांत उतरते : १८० चा वर्ग ३२,४००, त्यास २६.४५ नें भागिलें असतां १२२५ वॅट. दाब पांचव्या हिश्शाहून थोडाच अधिक उतरला, पण उष्णता जवळजवळ दोन पंचमांश कमी झाली. पंधरा लिटर पाणी २० अंशांवरून ४५ अंशांपर्यंत तापवावयास सुमारें १५,७५,००० ज्यूल उष्णता लागते. पूर्ण दाब असतां हें काम सुमारें १३ मिनिटांत होतें. उतरलेल्या दाबावर त्यास २१ मिनिटें लागतात. येथें पालकांची एक शंका येते : अधिक वेळ चालला म्हणजे बिलहि अधिक येणार काय ? नाहीं. मीटर वेळ मोजीत नाहीं, ऊर्जा मोजतो. १००० वॅट एक तास चालले म्हणजे एक युनिट, म्हणजे ३६,००,००० ज्यूल. तेवढ्याच पाण्यास तेवढीच ऊर्जा लागणार. दोन्ही वेळीं मीटर सुमारें ०.४४ युनिट पुढें सरकेल. पाणी तापेपर्यंत वाट पाहतांना टाकींतून थोडी उष्णता बाहेर जाते, तेवढाच काय तो फरक.

आतां तें भांडण. वरील आंकडे पाहून एखादा चौकस विद्यार्थी विचारील : बल्बचा रोध ५२९ ओहम आणि त्याची शक्ति १०० वॅट, गीझरचा रोध २६ ओहम आणि त्याची शक्ति २००० वॅट. म्हणजे रोध कमी तर उष्णता अधिक. पण वर्गांत तर आम्हांस शिकविलें कीं, रोधामुळें उष्णता उत्पन्न होते. मग रोध वाढल्यास ती वाढावयास नको काय? एक सूत्र म्हणतें रोधानें भागा, दुसरें म्हणतें रोधानें गुणा. खरें कोणाचें ?

दोघांचेंहि खरें आहे. गीझर, इस्त्री, बल्ब हे सर्व २३० व्होल्टांवर एकमेकांच्या शेजारीं स्वतंत्रपणें जोडलेले असतात. त्यांच्यापुरता दाब स्थिर आहे. ज्याचा रोध कमी तो अधिक प्रवाह ओढून घेतो, आणि प्रवाह वाढला म्हणजे शक्तिहि वाढते. येथें भागाकाराचें सूत्र चालवावें. परंतु एकाच मार्गावर एकापुढें एक असे दोन भाग असतील, उदाहरणार्थ तार, प्लगची पिन, तिला धरणारी सॉकेटांतील पाती आणि शेवटीं गीझर, तर या सर्वांतून जाणारा प्रवाह एकच असतो. कारण वाटेंत वीज सांठून राहत नाहीं. तेथें प्रवाह स्थिर, आणि म्हणून जेथें रोध अधिक तेथें उष्णता अधिक. येथें गुणाकाराचें सूत्र लावावें. मँचेस्टरजवळच्या सॅल्फर्ड गांवच्या एका मद्य गाळणाऱ्याचा मुलगा जेम्स ज्यूल यानें १८४१ सालीं हा दुसरा नियम प्रयोगानिशीं प्रसिद्ध केला.

आतां सॉकेटाकडे वळूं. नव्या सॉकेटांत पितळेची पाती पिनेस घट्ट धरते व सांध्याचा रोध एका ओहमाच्या सहस्रांशांत मोजण्याइतका अल्प असतो. वर्षें जातात, प्लग शेंकडों वेळां काढला घातला जातो, पाती सैलावते, आंतील स्क्रू ढिला होतो, धातूवर काळपट थर चढतो. पिन व पाती सर्व अंगानें न भेटतां एखाद्या बिंदूपाशींच भेटूं लागतात. समजा, अशा सांध्याचा रोध वाढून अर्धा ओहम झाला. गीझरच्या २६.४५ ओहमांपुढें अर्धा ओहम म्हणजे काय ? पण हिशेब करून पाहावा. एकूण रोध २६.९५ ओहम, प्रवाह २३० भागिलें २६.९५, म्हणजे ८.५३ अँपियर. त्याचा वर्ग सुमारें ७२.८, त्यास अर्ध्यानें गुणिलें असतां ३६.४ वॅट. डाख लावण्याचें विजेचें हत्यार साधारणतः २५ वॅटचें असतें, आणि त्याच्या टोंकापाशीं डाख वितळतो. त्याच्या दीडपट उष्णता येथें सॉकेटाच्या पोटांत, वाटाण्याएवढ्या जागेंत, प्लॅस्टिकनें चोहोंकडून कोंडलेली अशी उत्पन्न होत आहे. तापलेला धातु आणखी काळवंडतो, तापलेली पाती आणखी सैल होते, रोध आणखी वाढतो, आणि त्यामुळें उष्णता आणखी वाढते. हें चक्र एकदां सुरू झालें म्हणजे आपोआप थांबत नाहीं.

आणि गीझर ? त्याची शक्ति ८.५३ चा वर्ग गुणिलें २६.४५, म्हणजे सुमारें १९२६ वॅट. दोन हजारांचे एकोणीसशें सव्वीस झाले. स्नान करणारास हें कळावें कसें? म्हणून गीझर "नीट चालत होता".

फ्यूज कां उडाला नाहीं याचें उत्तरहि याच आंकड्यांत आहे. फ्यूज किंवा एमसीबी यांस केवळ प्रवाह कळतो. घरांत कोणती जागा तापली आहे हें त्यांस कळत नाहीं. सांधा नीट असतां प्रवाह ८.७० अँपियर होता; सांधा बिघडल्यावर तो ८.५३ झाला. म्हणजे बिघाडामुळें प्रवाह वाढला नाहीं, उलट कमी झाला. १६ अँपियरांवर नेमलेल्या पहारेकऱ्यानें ८.५३ पाहून ओरडावें तरी कशाला ? दोन तारा एकमेकींस चिकटल्या तर गोष्ट वेगळी. तेव्हां मार्गांतील रोध, समजा, ०.३ ओहमच उरतो, प्रवाह साडेसातशें अँपियरांच्या वर जातो आणि फ्यूज तत्काळ उडतो. त्याची नेमणूक या कामासाठीं आहे. सैल सांध्याचा शोध हातानें व नाकानेंच घ्यावा लागतो : गीझर पंधरा मिनिटें चालल्यावर बटण बंद करून प्लग उपसावा, व पिना कोमट आहेत कीं चटका देतात तें पाहावें. एक पिन दुसरीपेक्षां फार तापलेली असेल तर दोष त्या बाजूच्या सांध्यांत आहे असें समजावें, आणि मुख्य बटण बंद करून जाणत्या वायरमनकडून सॉकेट बदलून घ्यावें. करपलेल्या सॉकेटांत नवा प्लग घालणें व्यर्थ. सैल पाती तीच राहते. याच सॉकेटांत मोबाइलचा चार्जर वर्षानुवर्षें सुखानें चालूं शकतो. त्याचा प्रवाह ०.१ अँपियर धरला तर वर्ग ०.०१, आणि उष्णता एका वॅटाचे अवघे पांच सहस्रांश. प्रवाह सत्याऐंशीं पट होतांच उष्णता साडेसात हजार पट होते, हा वर्गाचा प्रताप आहे. यावरून "इतकीं वर्षें तर कांहीं झालें नाहीं" या म्हणण्यास किती किंमत द्यावी तें कळेल.

फ्यूजच्या वितळणाऱ्या तारेच्या जागीं जाड तांब्याची तार बांधण्याची खोड अद्यापहि कांहीं ठिकाणीं आहे. बारीक तारेचा रोध अधिक, म्हणून मार्गांत ती प्रथम तापावी व वितळावी, अशी ही योजना आहे. तेथें जाड तार बांधली म्हणजे वितळण्याचा मान भिंतींतील तारांकडे जातो.

आणखी एक आंकडा पालकांच्या ध्यानांत असावा. ओल्या हाताच्या व अनवाणी माणसाच्या शरीराचा रोध अदमासें १००० ओहम धरतात. २३० भागिलें १०००, म्हणजे ०.२३ अँपियर, इतका प्रवाह छातींतून गेल्यास हृदयाची गति विस्कटून प्राण जाऊं शकतो. १६ अँपियरांच्या एमसीबीस हा प्रवाह म्हणजे कांहींच नव्हे. तो पडणार नाहीं. यासाठीं वेगळें साधन असतें. गेलेला प्रवाह व परत आलेला प्रवाह यांत ०.०३ अँपियरांचा फरक पडतांच तें वीज तोडतें. त्यास आरसीसीबी म्हणतात. ज्या घरांत बादलींत सोडावयाचा विजेचा रॉड वापरतात त्या घरांत तें अवश्य असावें; आणि असलें तरीहि पाणी तापलें कीं नाहीं हें पाहण्यास रॉड चालू असतां पाण्यांत बोट बुडवूं नये.

हे सर्व हिशेब विद्यार्थ्यांनीं कागदावर करावयाचे आहेत. घरच्या २३० व्होल्टांवर कसलेंहि मोजमाप करावयाचें नाहीं. प्रयोग करण्याची हौस असेल त्यांनीं दीड व्होल्टाचे घट, टॉर्चचा जुन्या पद्धतीचा तारेचा बल्ब आणि शाळेंतील अँपियरमापक व व्होल्टमापक घ्यावे. बल्बवर २.५ व्होल्ट व ०.३ अँपियर असें लिहिलेलें असल्यास त्याचा रोध ८.३ ओहम व शक्ति ०.७५ वॅट निघते. मग एकाच घटावर, म्हणजे १.५ व्होल्टांवर, प्रवाह किती यावा ? भागाकारानें ०.१८ अँपियर. मापक मात्र याहून अधिक दाखवितो. मुलांस वाटतें, मापक बिघडला किंवा ओहम चुकला. दोन्ही नाहीं. दाब कमी असतां तार कमी तापते, आणि थंड धातूचा रोध कमी असतो. ओहमचा नियम उष्णमान न बदलेल तेथवरच सरळ लागू आहे. १०० वॅटच्या बल्बांत तर हा फरक फार मोठा दिसतो. पेटलेला असतां त्याच्या टंगस्टनच्या तारेचा रोध ५२९ ओहम, आणि काढून थंड स्थितींत मोजला तर जेमतेम ३५ ते ४० ओहम. बटण दाबल्याक्षणीं त्या तारेंतून सुमारें सहा अँपियर प्रवाह धांवतो व ती तापतांच अर्ध्या अँपियराहून खालीं येतो. जुने बल्ब बहुधा बटण लावतांनाच कां जात, हें आजोबांनीं विचारल्यास नातवंडांनीं सांगावें.

येथवर दाब स्थिर असतां काय होतें व प्रवाह स्थिर असतां काय होतें तें पाहिलें. शक्ति हीच ठरलेली असेल तर ? याचें उदाहरण मुंबईच्या लोकल गाडीनें दिलें आहे. ३ फेब्रुवारी १९२५ रोजीं मुंबईच्या व्हिक्टोरिया टर्मिनस स्थानकापासून कुर्ल्यापर्यंत हिंदुस्थानांतील पहिली विजेची आगगाडी धांवली. तिच्या माथ्यावरील तारेंतील दाब १५०० व्होल्ट होता, व प्रवाह एकाच दिशेनें वाहणारा. पुढें एकविसाव्या शतकांत हा दाब टप्प्याटप्प्यानें बदलण्यांत आला, आणि २०१६ पर्यंत मुंबईच्या सर्व उपनगरी मार्गांवर २५,००० व्होल्टांची, दिशा पालटणाऱ्या प्रवाहाची वीज आली. गाडी तीच, माणसांची गर्दी तीच, मग हा खटाटोप कशासाठीं ?

हिशेबाच्या सोयीसाठीं गाडीस १५ लाख वॅट शक्ति लागते असें धरूं. १५०० व्होल्टांवर यासाठीं १००० अँपियर प्रवाह लागेल. २५,००० व्होल्टांवर केवळ ६० अँपियर. वरील तारेचा रोध ०.१ ओहम धरला, तर पहिल्या पक्षीं १००० चा वर्ग गुणिलें ०.१, म्हणजे एक लाख वॅट तार तापविण्यांत वायां जातात. दुसऱ्या पक्षीं ६० चा वर्ग गुणिलें ०.१, म्हणजे ३६० वॅट. एकीकडे पन्नास गीझर रात्रंदिवस तारेवर टांगावे इतका नाश, दुसरीकडे एका गीझरच्या पांचव्या हिश्शाहूनहि कमी. दाब सुमारें सतरा पट वाढला, नाश सुमारें पावणेतीनशें पट घटला. मोठा प्रवाह नसल्यामुळें तार हलकी चालते, व वाटेंत वीज पुरविणारीं केंद्रें दूर दूर ठेवतां येतात. १९१५ सालीं टाटांच्या खोपोली येथील जलविद्युत्केंद्रांतून मुंबईच्या गिरण्यांस वीज आणली ती सुमारें एक लाख व्होल्टांच्या दाबावर, त्याचेंहि कारण हेंच. घाटाच्या पायथ्यापासून मुंबईपर्यंतची तार गीझरच्या दाबावर चालविली असती, तर विजेचा बहुतेक भाग वाटेंतील कावळ्यांचे पाय शेकण्यांतच खर्च झाला असता.

पंखा, मिक्सर, पाण्याचा पंप यांस मात्र वरील हिशेब जसाचा तसा लावूं नये. त्यांत गुंडाळलेल्या तारा व फिरणारें चुंबकत्व असल्यामुळें दाब व प्रवाह यांचे चढउतार एका वेळीं होत नाहींत, आणि दोहोंचा गुणाकार खऱ्या वॅटांहून अधिक येतो. तसेंच दाब भागिलें प्रवाह हा त्यांचा निव्वळ रोध नव्हे. एलईडी दिव्यांचीहि अशीच कांहीं गोष्ट आहे. हा भाग वरच्या वर्गांसाठीं ठेवून, केवळ तापणाऱ्या उपकरणांचीं तीन उदाहरणें सुटींत सोडविण्यास देतों. तिन्हींत दाब २३० व्होल्ट धरावा.

पहिलें : १२०० वॅटच्या किटलीचा प्रवाह व रोध काढा. लहान सॉकेटांत ती चालेल काय ? (उत्तर : ५.२२ अँपियर, सुमारें ४४ ओहम, सांधा घट्ट असल्यास चालेल.)

दुसरें : त्याच सॉकेटास जोडपट्टी लावून तिच्यावर ही किटली व १००० वॅटची इस्त्री एकदम चालविली, तर प्रवाह किती होईल ? जोडपट्टीच्या प्लगच्या सांध्याचा रोध ०.२ ओहम असल्यास तेथें किती उष्णता निघेल ? सांध्यामुळें प्रवाहांत होणारी किंचित् घट सोडून द्यावी. (उत्तर : ९.५७ अँपियर, म्हणजे सॉकेटाच्या मर्यादेच्या दीडपटीहून अधिक. सुमारें १८ वॅट.)

तिसरें : ६० वॅटचा व १०० वॅटचा असे तारेचे दोन बल्ब शेजारीं शेजारीं न जोडतां एकापुढें एक जोडले. कोणता अधिक उजळेल ? (उत्तर : ६० वॅटचा. कारण वाचकांनीं काढावें, आणि घरांतील वडिलांस समजावून द्यावें.)